मुलांच्या गोष्टींचा चार पुस्तकांचा संच : कहाण्या डोळे झाकून घ्या, दृष्टांत घ्या पण तात्पर्याची चौकट झाकून वाचा

मुलांसाठी गोष्टींचा चार पुस्तकांचा संच घेतलाय, त्याबद्दल सविस्तर लिहितेय कारण घेण्याआधी मी शोधलं तर धड रिव्ह्यू कुठे सापडला नाही, आणि साडेसातशे रुपये आमच्यासारख्यांना काही कमी नाहीत. जळगावला पुस्तक प्रदर्शन लागलं होतं तिथल्या एका स्टॉलवर मिळाला, ऑनलाइन पण मिळतो असं तिथले दादा म्हणाले. प्रकाशनाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण खाली ज्या तक्रारी आहेत त्या आजकालच्या बहुतेक संचांना लागू पडतात, एकट्याला धरून बोलण्यात अर्थ नाही.

पहिलं पुस्तक बोधकथांचं, दुसरं नीतिकथांचं, तिसरं दृष्टांतकथांचं आणि चौथं श्रावणातल्या कहाण्यांचं. मी घेतला तो यासाठीच. नाहीतर आपल्याकडे सगळं एकाच "बोधकथा" नावाखाली कोंबतात, पंचतंत्र पण तेच, इसाप पण तेच, कीर्तनातली गोष्ट पण तेच आणि सोमवारची कहाणी पण तेच. इथे कुणीतरी विचार केलाय की हे चार शब्द आहेत आणि चार वेगळ्या जागांवरून आलेत. शिवाय प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला एक पान त्या शब्दाची ओळख म्हणून दिलंय, मुलांना कळेल अशा भाषेत. ही कल्पना मला इतकी आवडली की स्टॉलवर उभ्याउभ्याच चारही पानं वाचून काढली.

बाकी कागद जाड, अक्षर मोठं, जोडाक्षरं फुटलेली नाहीत, चित्रं हाताने काढलेली वाटतात, चकचकीत कॉम्प्युटरची नाहीत, म्हणून छान वाटतात. बाइंडिंग मात्र पिनांचं आहे, तिसऱ्या पुस्तकाची मधली पानं लवकरच सुटायला लागली. या किमतीत शिवण चालली असती.

आधी पहिलं पुस्तक. बोध हा शब्द संस्कृत बुध् धातूवरून आलाय, जागं होणं, कळणं असा अर्थ, त्यातूनच बुद्धी आणि बुद्ध. हे पानावर बरोबर दिलंय आणि सोबत झोपेतून उठणाऱ्या पोराचं चित्र काढलंय, ते फार गोड आहे. म्हणजे बोधकथा ही जागं करणारी गोष्ट. पण आतल्या गोष्टी त्याच त्या, तहानलेला कावळा, लाकूडतोड्या, ससा-कासव, आणि यातल्या बऱ्याच इसापच्या. इसापच्या गोष्टी आपल्याकडे मराठीत दोनशे वर्षांपासून आहेत, सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी १८२८ साली इसपनीतिकथा छापल्या, तेव्हापासून शाळेच्या पुस्तकांमधून त्या इतक्या मुरल्या की लोकांना इसाप ग्रीक होता हे पण आठवत नाही. पुस्तक वाईट नाही, पण घरात आधीच अशी एखादी प्रत असेल तर हे नाही घेतलं तरी चालेल. जास्त लिहीत नाही यावर.

आता दृष्टांत. माझा सगळा जीव या तिसऱ्या पुस्तकात होता. आम्ही खान्देशातली माणसं, गावोगाव सप्ताह असतात, लहानपणापासून रात्री कीर्तनाला बसलेलो, आणि महाराज अभंगाचं चरण सोडवून सांगता सांगता थांबले आणि म्हणाले की "यावर एक दृष्टांत आहे" की सगळा मंडप सावरून बसतो, मागे झोपलेली पोरंपण उठतात. दृष्टांत शब्द मी पुस्तकात नाही, मंडपात शिकले. म्हणून ओळखीच्या पानावर काय लिहिलंय याची फार उत्सुकता होती. तिथे फक्त एवढंच आहे की दृष्टांत म्हणजे उदाहरण म्हणून सांगितलेली गोष्ट, संपलं. चुकीचं नाहीये, पण एवढ्या मोठ्या शब्दाला एवढीशी जागा? बाकी तीन पानं भरून लिहिलीत आणि इथे दोन ओळी, हे मला पटलं नाही. म्हणून जे तिथे असायला हवं होतं ते मीच इथे लिहिते, ज्यांनी संच घेतलाय त्यांनी मुलांना तोंडी सांगा.

शब्द सरळ आहे, दृष्ट अधिक अंत. दृष्ट म्हणजे पाहिलेलं. अंत म्हणजे इथे मरण वगैरे नाही, तर शेवट, निकाल, जिथे जाऊन गोष्ट ठरते ती जागा. सिद्धांत, वृत्तांत, वेदांत यात तोच अंत आहे. सिद्धांत म्हणजे सिद्ध करून ठरलेलं आणि दृष्टांत म्हणजे डोळ्यांनी पाहून ठरलेलं, असं मी तरी मुलांना सांगते. म्हणून कीर्तनात हे दोघं जोडीने येतात, महाराज आधी सिद्धांत मांडतात आणि मग दृष्टांत देतात.

पण याच्याही मागे जुना हिशोब आहे. गौतम ऋषींच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथात, वादविवाद कसा करायचा ते सांगताना सोळा गोष्टी मोजल्यात, प्रमाण, प्रमेय, संशय, प्रयोजन आणि मग पाचवी दृष्टांत, तिच्या लगेच पुढे सिद्धांत. आणि दृष्टांताची व्याख्या काय केलीय तर ज्या गोष्टीबद्दल साध्या माणसाची आणि तपासणाऱ्या पंडिताची समज सारखी असते ती गोष्ट म्हणजे दृष्टांत. बुद्धिसाम्य असा शब्द आहे तिथे. मला ही व्याख्या पहिल्यांदा कळली तेव्हा मी कितीतरी वेळ तिचाच विचार करत होते. म्हणजे दृष्टांत ही शहाण्याने अडाण्याला वरून खाली दिलेली शिकवण नाहीच, दोघं जिथे एका पातळीवर बसू शकतात ती जागा आहे ती. वाद करायचा तर आधी असं काहीतरी शोधा ज्यावर दोघांचं दुमत नाही, आणि तिथून पुढे निघा.

न्यायशास्त्राचं ठरलेलं उदाहरण धुराचं. डोंगरावर धूर दिसतोय म्हणजे तिथे विस्तव आहे, आणि दाखवायला काय, तर स्वयंपाकघर. चुलीजवळ धूर आणि विस्तव सोबत असतात हे पंडितालाही माहीत आणि सैपाक करणाऱ्या बाईलाही माहीत. मी हे माझ्या लेकीला सांगितलं तेव्हा स्वयंपाकघर उपयोगाचं नव्हतं, आमच्याकडे गॅस आहे, धूर कुठे. मग थंडीतलं भरीत आठवलं. डिसेंबर-जानेवारीत आमच्या भागात शेतात भरिताच्या पार्ट्या असतात, कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवून त्यात वांगी भाजतात, रस्त्यावरून जाताना लांब केळीच्या बागेमागून धूर वर येताना दिसला की गाडीतलं शेंबडं पोरगंही सांगतं की तिकडे भरीत चाललंय. वांगं कुणी पाहिलेलं नसतं, विस्तवही दिसत नाही. तिला विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाली, आबांच्या मळ्यात पाहिलंय ना आपण, धूर पण होता आणि वांगी पण. तिला म्हटलं, आबांचा मळा हाच तुझा दृष्टांत. तिला ते लगेच कळलं. आठ वर्षांच्या पोरीला न्यायसूत्रातली व्याख्या कळू शकते, फक्त ती तिच्या पाहण्यातून सांगावी लागते. पुस्तकाला एवढं एक पान द्यायला काय हरकत होती?

आणि दृष्टांत शब्दाचे मराठीत अजून दोन संसार आहेत तेही पानावर नाहीत. एक शाळेतला, दृष्टांत अलंकार, ज्यात तुकोबांचा मुंगी आणि ऐरावताचा अभंग सगळ्यांना पाठ असतो. दुसरा घरातला, देवाने स्वप्नात येऊन दृष्टांत दिला. आमच्याकडे कितीतरी देवळांच्या गोष्टी अशाच सुरू होतात की अमक्याला दृष्टांत झाला आणि शेतात खणल्यावर मूर्ती निघाली. तिथे गोष्ट नाही, उदाहरण नाही, निव्वळ दिसणं आहे. संस्कृतात वादाच्या कामाला लागलेला शब्द मराठीत येऊन देवाच्या दिसण्यापर्यंत पोचला, केवढा प्रवास आहे हा. मुलांना हे सांगितलं असतं तर त्यांनी आजीला जाऊन विचारलं असतं, तुला कधी दृष्टांत झालाय का, आणि आजीने अर्धा तास तरी सांगितलं असतं.

आता या पुस्तकातल्या गोष्टींकडे येते. यात महानुभाव पंथाच्या दृष्टांतपाठ नावाच्या जुन्या ग्रंथातल्या काही गोष्टी घेतल्यात, त्याबद्दल प्रकाशनाचे मनापासून आभार, कारण मुलांच्या पुस्तकात हे सहसा कुणी घेत नाही. आमच्या भागाला तर हे फार जवळचं, भडगाव तालुक्यातलं कनाशी महानुभावांचं मोठं ठिकाण आहे, आणि खान्देशात कितीतरी घरं या पंथातली आहेत. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी तेराव्या शतकातले, ते बोलता बोलता लोकांना समजावं म्हणून गोष्टी सांगायचे, त्या पुढे केशिराजबासांनी एकत्र केल्या, ११४ आहेत. आणि त्या मराठीत का आहेत याची हकिकत पण सांगण्यासारखी आहे. चक्रधरांच्या नंतर नागदेवाचार्य पंथाचे आचार्य होते, आणि केशिराजबास संस्कृतचे मोठे पंडित, त्यांनी संस्कृतात लिहायचं मनात आणलं तर नागदेवाचार्यांनी अडवलं, की असं केलंस तर माझ्या म्हाताऱ्या बायांचं नुकसान होईल, त्यांना हे कळणारच नाही. मघाशी लिहिलं ना, साधा माणूस आणि पंडित यांची समज जिथे सारखी होते ती जागा, ते हेच. व्याख्येतली गोष्ट त्या माणसाने प्रत्यक्षात करून दाखवली, सातशे वर्षांपूर्वी, आणि आपल्याच भाषेत.

पण इथेच पुस्तकाने घोळ घातलाय आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच. दृष्टांतपाठात प्रत्येक ठिकाणी तीन भाग असतात. आधी सूत्र, म्हणजे चक्रधरांचं वचन. मग दृष्टांत, म्हणजे गोष्ट. आणि मग दार्ष्टांतिक, म्हणजे ही गोष्ट त्या सूत्राला कशी लागू होते ते. गोष्ट मधे बसलेली आहे, दोन्ही बाजूंनी धरलेली. या पुस्तकात वरचं सूत्र काढून टाकलंय, खालचं दार्ष्टांतिक काढून टाकलंय आणि मधली गोष्ट तेवढी ठेवून तिच्याखाली गुलाबी चौकटीत प्रकाशनाने स्वतःच्या मनाचं तात्पर्य छापलंय!

उदाहरण देते म्हणजे कळेल. हत्ती आणि जन्मांधांची गोष्ट सगळ्यांना माहितीय, कुणी पाय चाचपतो तो म्हणतो खांबासारखा, कुणी कान चाचपतो तो म्हणतो सुपासारखा. ही दृष्टांतपाठात आहे आणि तिथे ती परमेश्वराच्या ज्ञानाबद्दल आहे, एकेक अंग कळलेले लोक तेवढंच धरून बसतात आणि ज्याला डोळे आहेत त्याला सबंध हत्ती दिसतो. पुस्तकात चौकटीत काय आहे, तर "तात्पर्य : नेहमी एकमेकांशी मिळून मिसळून राहावे." कुठून आलं हे? त्या गोष्टीत मिळून मिसळून राहण्याचा काय संबंध? सगळे आंधळे गुण्यागोविंदाने एकत्र राहिले असते तरी हत्ती काही कुणाला पूर्ण दिसला नसता.

आणि गंमत अशी की हीच गोष्ट पाली भाषेत बौद्धांच्या उदान ग्रंथात पण आहे, तिथे श्रावस्तीचा राजा जन्मांधांना गोळा करून हत्ती दाखवतो आणि ती येते ते वेगवेगळ्या मतांचे लोक आपसांत भांडतात त्या प्रसंगावर. जैनांकडे हीच गोष्ट अनेकांतवाद समजावायला सांगतात, की प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या बाजूने थोडं थोडं खरं आहे. हत्ती तोच, आंधळे तेच, पण बोलणं कशावर चाललंय त्याप्रमाणे गोष्ट वेगळीकडे घेऊन जाते. म्हणून तर म्हणते, दृष्टांताचा अर्थ गोष्टीच्या पोटात नसतो, तो ज्या बोलण्यात ती गोष्ट आली त्या बोलण्यात असतो. बोलणं कापून टाकलं की गोष्ट पोरकी होते, मग तिला कुणीही कसलंही तात्पर्य चिकटवावं.

तात्पर्य हा शब्दही बिचारा चांगला आहे हो. तत्पर वरून आलाय, म्हणजे बोलणाऱ्याचा रोख कशावर आहे ते. म्हणजे तात्पर्य सांगायचं तर आधी कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय हे माहीत पाहिजे. बोलणाराच गायब केला तर रोख कुणाचा छापताय?

ग्रीकांकडेसुद्धा इसापच्या गोष्टींचे जुने संग्रह मुलांसाठी नव्हते, इसवी सनाच्या आधी तीनशेच्या सुमारास फालेरॉनच्या डेमेट्रियसने एक केला होता तो आज हरवलाय, पण अभ्यासक म्हणतात की तो भाषण करणाऱ्या वक्त्यांना हाताशी असावा म्हणून होता. आणि गोष्टीच्या डोक्यावर एक ओळ लिहायची पद्धत होती ती कुठल्या प्रसंगाला ही गोष्ट वापरता येईल ते चटकन सापडावं म्हणून. पुढे तीच ओळ खाली सरकली आणि शिकवण होऊन बसली. म्हणजे तिकडेही गोष्ट आधी कुणाच्या तरी बोलण्यातच होती.

याचा मुलांवर काय परिणाम होतो ते घरी बघतेय म्हणून एवढं तावातावाने लिहितेय. माझी लेक तिसरीत आणि भाचा पाचवीत, दोघांनी पान उघडलं की नजर पहिले त्या गुलाबी चौकटीकडे जाते, रंगच तसा दिलाय. चौकट वाचून झाली की भाचा म्हणतो "कळलं" आणि पान उलटतो. गोष्ट वाचतच नाही! परीक्षेत तात्पर्य लिहा असा प्रश्न येतो, मग बरोबरच आहे त्याचं, उत्तर मिळालं की काम झालं. म्हणून मी पोस्टाच्या जुन्या पाकिटाचा तुकडा कापून ठेवलाय, तो चौकटीवर धरून वाचायचं, आणि वाचून झालं की दोघांना विचारायचं, ही गोष्ट तू कुणाला सांगशील आणि तो काय बोलला तर सांगशील? त्या प्रश्नाला जी उत्तरं येतात ती कुठल्याच चौकटीत बसणार नाहीत. हत्तीची गोष्ट भाच्याने त्याच्या क्रिकेटवाल्या मित्राला सांगायची ठरवली, जो नेहमी फक्त शेवटची ओव्हर बघतो आणि कोण खराब खेळलं ते सांगत सुटतो. मला तर हे दार्ष्टांतिकच वाटलं.

नीतिकथांचं दुसरं पुस्तक, यात जवळजवळ सगळं पंचतंत्र आहे. ओळखीचं पान चांगलं जमलंय, नीती हा शब्द नी धातूवरून, नेणे, आपण मराठीत रोज वापरतो ते नेणे, आणि नेता पण तिथूनच. नीती म्हणजे मुळात कसं न्यायचं, कसं चालवायचं, राज्य असो नाहीतर स्वतःचा संसार. इतकं छान लिहून मग आत काय केलंय तर प्रत्येक गोष्टीला खोटे बोलू नये, लोभ करू नये अशी शेपूट लावलीय. पंचतंत्र हे विष्णुशर्म्याने राजाच्या मठ्ठ मुलांना सहा महिन्यांत राजनीती शिकवायला सांगितलं अशी त्याची मांडणी आहे, त्यात चांगुलपणाचा पाठ कमी आणि जगात टिकायचं कसं याचा जास्त. पहिल्या तंत्रात दमनक नावाचा कोल्हा सिंह आणि बैलाची मैत्री तोडतो, बैलाला सिंहाकडून मारवतो आणि शेवटी मजेत प्रधान होतो. त्याला कसलीच शिक्षा होत नाही. हीच गोष्ट पहलवीतून, म्हणजे इराणच्या जुन्या भाषेतून, अरबीत गेली तेव्हा आठव्या शतकात ती अरबीत आणणाऱ्या इब्न अल-मुकफ्फाने दमनकाच्या खटल्याचं वेगळं प्रकरण जोडलं आणि त्याला शिक्षा करवली, म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या माणसालाही ते सहन झालं नव्हतं. पुस्तकात दमनकाची गोष्ट अर्धी कापून "वाईटाचे फळ वाईट" असं लिहिलंय. हे मुलांची फसवणूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे. बैलाचं काय चुकलं, सिंहाने कुणाचं ऐकायला हवं होतं, हे विचारा की त्यांना, मुलं बोलतात, माझी लेक तर बैलाची बाजू घेऊन रडवेली झाली होती.

मधे एक सांगायचं राहिलं, तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी ख्रिस्ती परंपरेतल्या दोन गोष्टी आहेत, पेरणाऱ्याची आणि हरवलेल्या मेंढराची, ते बघून बरं वाटलं. मराठी ख्रिस्ती लोकांत या गोष्टींना दाखला म्हणतात. दाखला हा अरबीतून फारसीमार्गे आलेला, दाखल होणे त्याच घरातला, आणि आज तो तहसील कचेरीत जातीचा दाखला, शाळेत शाळा सोडल्याचा दाखला म्हणून रांगेत उभा असतो. दृष्टांत पाहिलेला, दाखला आत शिरलेला, दोन्ही शब्द पुरावा म्हणूनच आले आणि दोघांनीही गोष्ट सांगितली. पुस्तकात हा शब्द घेतलाय पण समजावलेला नाही, समजावला असता तर मुलांना फार मजा आली असती.

चौथं पुस्तक, कहाण्या. हे मात्र पैसे वसूल. कहाणी शब्द संस्कृत कथानिकेपासून प्राकृतातून घासत घासत आलाय, थचा ह झाला, हे पानावर एका नदीच्या चित्रात गोटे गोल होत जाताना दाखवून सांगितलंय, ज्याने काढलं त्याला सलाम. आणि इथे तात्पर्याची चौकट नाहीच! बहुतेक कहाणीला तिचा स्वतःचा शेवट असतो, साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण, त्याच्या पुढे काही लिहायला प्रकाशनाला जागाच मिळाली नाही. आणि एक गोष्ट माझ्या पहिल्यांदाच लक्षात आली, की "ऐका महादेवा तुमची कहाणी" म्हणजे ही देवालाच सांगितलीय, देवालाच त्याची गोष्ट ऐकवायची आणि आपण शेजारी बसून ऐकायचं.

खुलभर दुधाची कहाणी यात सगळ्यात सुंदर उतरलीय. राजा फर्मान काढतो की गावातलं सगळं दूध देवळात आणा, गाभारा भरायचाय, लोक घाबरून वासरांना न पाजता पोरांना न देता सगळं दूध आणून ओततात आणि गाभारा भरत नाही. आणि एक म्हातारी घरच्यांना जेवू घालून, गायीवासरांना चारून, सगळ्यांचा आत्मा थंड करून मग खुलभर दूध घेऊन येते आणि गाभारा भरून वाहतो. राजाने विचारल्यावर म्हातारीच सांगते की तुझ्या हुकमाने लेकरं-वासरं तळमळली, ते देवाला आवडलं नाही. शिकवण आहेच, पण ती म्हातारीच्या तोंडून, राजाच्या समोर, गोष्टीच्या आत. आमच्या बाई, म्हणजे सासूबाई, त्यांनी हे पान ऐकून अहिराणीत स्वतःची सांगायला सुरुवात केली, त्यांच्यात म्हातारीची गाय पण बोलते, आणि पोरं मधेच "मंग काय व्हयनं?" करत राहिली. श्रावणात कानबाई देवीच्या उत्सवाच्या वेळी घरात सगळे जमतात तेव्हा हे पुस्तक बाहेर काढायचं ठरवलंय.

ऑडिओबद्दल. प्रत्येक पुस्तकावर क्यूआर कोड आहे, स्कॅन केला की गोष्ट ऐकू येते, नेट लागतं. आवाज स्वच्छ आहे, बाई चांगलं वाचतात, पण प्रत्येक गोष्टीनंतर संगीत वाजतं आणि मग वेगळ्या जड आवाजात "तात्पर्य" म्हणून घोषणा होते. ते आलं की बंद करा. कहाण्यांचं ऑडिओ मात्र पूर्ण लावा, एका दमात म्हटल्यात, जशा घरी म्हणतात तशाच.

शब्दांच्या ओळखीच्या पानांवर कुठल्या कोशातून घेतलं ते लिहिलेलं नाही, ते द्यायला हवं. आपल्याकडे शब्दांच्या मुळाचं काम किती झालंय, राजवाड्यांचा व्युत्पत्तीचा कोश तर आपल्या धुळ्याच्या राजवाडे मंडळानेच १९४२ साली छापला, मोल्सवर्थचा कोश त्याच्याही शंभर वर्षं आधीचा. पाचवी-सहावीतल्या मुलांना एवढं तरी कळलं पाहिजे की शब्द कुठून आला ते शोधायला जागा आहेत आणि त्यातली एक बसने दोन तासांवर आहे.

प्रकाशनाला मी मेल केलाय, पुढच्या आवृत्तीत दृष्टांतपाठातल्या गोष्टींना वर सूत्र आणि खाली दार्ष्टांतिक सोप्या मराठीत छापा आणि गुलाबी चौकट काढा म्हणून. उत्तर आलंय की विचार करू. केलं तर मी इथे अपडेट टाकेन.

घ्यायचं असेल तर सांगते. सुटी पुस्तकं दोनशे रुपयाला एक अशी मिळतात, सगळा संच घ्यायची जबरदस्ती नाही. कहाण्या आणि दृष्टांत ही दोन घ्या, चारशेत काम होतं, दृष्टांताच्या पुस्तकाला आल्याआल्या मधून दोऱ्याचे चार टाके मारून घ्या. सात वर्षांखालच्या मुलांना कहाण्या वाचून दाखवाव्या लागतील, जोडाक्षरं बरीच आहेत. आणि श्रावणाच्या तोंडावर कहाण्यांचा स्टॉक संपतो असं स्टॉलवाले दादा म्हणाले, तेव्हा आषाढातच मागवून ठेवा.